आपण मागे नाही, दगड पुढे आलाय

टोकेकरची आठवण निघाली की मला आधी राग येतो. प्रेम येतं, नाही असं नाही, पण ते रागाच्या पाठोपाठ, जरा अवघडल्यासारखं.

देवासच्या कारखान्यात आम्ही दहा-अकरा वर्षं बरोबर काढली. मी माल पाठवण्याच्या खात्यात, तो तपासणीत. म्हणजे जो माल गेटबाहेर काढण्यासाठी मी जिवाचं रान करायचो, तोच माल आत अडवून धरण्याचा पगार त्याला मिळत होता. अशा दोन माणसांची मैत्री का व्हावी हे मला अजून कळलेलं नाही. मी साताऱ्याकडचा, नोकरीसाठी माळव्यात आलेला. तो धारचा, तिथेच चार पिढ्या मुरलेला. त्याची मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू यायचं. सोवळ्यातल्या म्हातारीसारखे जुने शब्द आणि मध्येच "मी सांगून राहिलो ना भिया." पुढेपुढे माझीही तशीच झाली.

उंच, किडकिडीत, पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी सहा इंची पोलादी पट्टी. ती पट्टी कधी बाहेर येईल याचा नेम नसे. पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आला तेव्हा हात धुऊन पाटावर बसायच्या आधी त्याने ती स्वयंपाकघराच्या चौकटीला लावली.

"पंडित, तुझी चौकट दीड सूत बाहेर आहे."

"असू दे. जेव आता."

"मी कुठे काय म्हणतो. फक्त सांगून राहिलो."

त्या घरात मी वर्षभर सुखाने राहत होतो. त्या दिवसानंतर ती चौकट मला रोज वाकडी दिसली. टोकेकर दोन पोळ्या जास्त खाऊन, बायकोच्या आमटीचं मनापासून कौतुक करून निघून गेला. त्याच्या मनात काही नसायचं. ते बिनमनाचं बोलणं पचवायचं काम आमच्याकडे.

त्याचे आजोबा धार संस्थानात रस्त्यांचे ओव्हरसियर होते. संस्थान गेलं, आजोबा गेले, घरात राहिली ती त्यांची जरीब, म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी. ती भिंतीवर खुंटीला टांगलेली असे आणि खंडेनवमीला खाली उतरवून, तेल लावून, पाटावर मांडून तिची पूजा होई. आजोबांचं एक वाक्य टोकेकर दर आठवड्याला मला ऐकवायचा. "दगड बोलतो ते नाही, जरीब बोलते ते खरं." रस्त्याच्या कडेचे मैलाचे दगड कुणीही हलवतं, म्हणून ते खोटं बोलतात; साखळी खोटं बोलत नाही, असा त्याचा अर्थ. मला तेव्हा तो म्हाताऱ्यांचा हेका वाटायचा. पुढे त्या वाक्याने माझं काय केलं ते येईलच.

कारखान्यातही खंडेनवमी व्हायची. यंत्रांना हार, लेथला कुंकू, पेढे. एका वर्षी मोठे साहेब स्वतः कुंकवाची वाटी घेऊन तपासणी खात्यात आले आणि मापं तपासायच्या चकचकीत ठोकळ्यांना बोट लावणार, तोच टोकेकर आडवा आला. "साब, इनको नहीं. कुंकवाचा थर बसला तर माप बदलेल." साहेबांचा हात वाटीत तसाच. मग यानेच तोडगा काढला. ठोकळ्यांची लाकडी पेटी बंद केली, पेटीला नमस्कार केला आणि झाकणावर कुंकू लावलं. साहेब हसले, पण ते हसणं ओठांपुरतं होतं. दोन वर्षांनी खात्याची मुख्य जागा रिकामी झाली तेव्हा ती याच्या हाताखालच्या माणसाला मिळाली. मी तावातावाने विचारलं, "तुला काहीच वाटत नाही?" तो म्हणाला, "वाटतं ना. नव्या साहेबाची खुर्ची टेबलाच्या मानाने इंचभर ठेंगणी आहे. पाठ धरेल त्याची."

माझ्या वाट्याला आलेला त्याचा जाच वेगळाच. एकदा सतवासच्या एका व्यापाऱ्याचा माल होता, पाण्याच्या पंपाचे सुटे भाग. गव्हाला पाणी द्यायचे दिवस, व्यापारी रोज निरोप धाडतोय, ट्रक गेटवर उभा, आणि सकाळी आमचा मुकादम येऊन सांगतो, "साब, टोकेकर भिया ने फिर माल रोक लिया." भोकं केसभर मोठी होती म्हणे. केसभर म्हणजे खरोखर केसभरच. दुसऱ्या दिवशी व्यापारी स्वतः आला. हात जोडून म्हणाला, "भिया, हमारे याँ तो इससे ढीला भी चल जाता है." टोकेकरने त्याला स्टुलावर बसवलं, चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं, "चलता होगा दादा. पर नाप में 'चल जाता है' नहीं होता." ट्रक आणखी दोन दिवस उभा राहिला. बोलणी मी खाल्ली. दुसरा माल घेऊन व्यापारी गेला, आणि पुढच्या वर्षापासून तो फक्त टोकेकरची सही असलेलाच माल मागायला लागला. याचं श्रेय टोकेकरने कधी घेतलं नाही, आणि ते पाहून माझी आणखीच चिडचिड झाली.

असा हा माणूस मी आपणहून, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन, मोटारींच्या रॅलीसाठी जोडीदार म्हणून निवडला.

झालं असं की इंदूरच्या काही हौशी लोकांनी शनिवार-रविवारची रॅली ठरवली. शनिवारी धारहून धामनोद, रविवारी धामनोदहून देवास. पहिल्या येणाऱ्या जोडीला त्यांचा क्लब आपल्या खर्चाने मुंबईच्या मोठ्या रॅलीला पाठवणार होता. मला गाडी चालवण्याचं लहानपणापासून वेड. पण गाडी कुठली, आमच्याकडे स्कूटर. त्या वर्षी मात्र मेव्हण्याची फियाट इंदूरला होती आणि महिन्याअखेर तो ती विकणार होता. माझी छत्तिशी उलटलेली, दोन मुलं, पुन्हा गाडी हाताशी येण्याची शक्यता शून्य. ही एकच संधी होती आणि मला ती जिंकायची होती. हे मी टोकेकरला स्वच्छ सांगितलं होतं.

ही रॅली म्हणजे शर्यत नव्हे. जोरात पळवायचं नसतंच. आयोजक एक पुस्तक देतात. इथून अमक्या खुणेपर्यंत इतके किलोमीटर, ताशी चाळीसने जा. पुढे ताशी पस्तीसने. मध्ये कुठेतरी झाडाआड पंच घड्याळ घेऊन बसलेले असतात. त्यांच्यापाशी सेकंदभर उशिरा पोचलात तरी गुण कापतात, लवकर पोचलात तरी कापतात. एकाने चालवायचं, दुसऱ्याने मीटर आणि घड्याळ बघून हिशेब सांगायचा. हिशेबाला टोकेकरहून चांगला माणूस सगळ्या माळव्यात नव्हता. मी खूश होतो.

त्याने तीन रविवार घालवून फियाटचा मीटर जरिबीशी ताडून पाहिला, त्यातला फरक काढला आणि मोत्यासारख्या अक्षरात कोष्टकं तयार केली. शनिवारी सकाळी धारहून निघालो तेव्हा तो शेजारी मांडीवर पाट घेऊन बसला होता, पाटावर कोष्टक, हातात घड्याळ. "थोडा कमी... बस. असाच राहा... पाव सेकंद पुढे आहोत, श्वास सोड." इतकं सुरेल काम चाललं होतं की मला मुंबई दिसायला लागली.

पुस्तकात तेविसाव्या किलोमीटरला खूण होती: "शेंदूर लावलेला दगड, 'धार २३'." मीटरने तेवीस दाखवले. दगड नाही. आंब्याचं एक झाड, एक मोरी, बाकी काही नाही. सरळ रस्ता. पुढे गेलो तर अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतरावर पिंपळाखाली पार बांधलेला, त्यावर शेंदूर फासलेला किलोमीटरचा दगड, नारळाच्या करवंट्या, आणि शेंदरातूनही वाचता येणारं 'धार २३'. गावाने तो रस्त्यावरून उचलून आणून भेरूजी, म्हणजे आपला भैरोबा, म्हणून बसवला होता. माळव्यात दगडाचा भेरूजी व्हायला वेळ लागत नाही. आणि आयोजकांनी मीटर न बघता दगडावरचा आकडा पुस्तकात उतरवून घेतला होता.

इतर जोड्यांनी काय केलं ते मला नंतर कळलं. त्यांनी डोळे मिटून मीटर तेवीसच धरला, आपण जवळजवळ मिनिटभर मागे पडलोय हे ओळखलं आणि गाडी दामटली. तेच करायचं असतं. आयोजकांचं पुस्तक चूक असलं तरी पंच वेळ त्यावरूनच धरतात, म्हणून तेच खरं, हा या खेळाचा पहिला नियम.

मी म्हटलं, "टोकेकर, मीटर तेवीस धर. किती मागे आहोत सांग."

"मागे नाही आहोत."

"अरे दगड आत्ता आला."

"आपण मागे नाही, दगड पुढे आलाय. याची जागा ती मोरीपाशी. पूर्वी मी याला तिथेच पाहिलाय. कुणीतरी उचलून इथे आणला."

"तो उचललाय हे मलाही दिसतंय. पण पुस्तकात इथेच तेवीस आहे ना?"

"पुस्तक चूक आहे."

"असू दे चूक. मला आकडा दे."

"चुकीच्या दगडाचा आकडा मी कसा देऊ? तू बरोबर चालवून राहिला आहेस. असाच चल."

पुढे कुठे पंच बसलेत ते माहीत नव्हतं, पण जवळच असणार हे दिसत होतं. रस्ता मोकळा होता, दोन-तीन किलोमीटरात मिनिटभराची भरपाई करणं अवघड नव्हतं, पण नेमकी किती करायची ते सांगणारा माणूस मांडीवरचं कोष्टक मिटून बसला होता. मी विनवण्या केल्या, ओरडलो. मुंबई, मेव्हणा, महिन्याअखेर, सगळं सांगून झालं. पालथ्या घड्यावर पाणी. अंदाजाने दामटावं तर लवकर पोचण्याचा दंड आणखी मोठा, आणि आकड्याशिवाय मी आंधळा. चाळीसनेच चालवत राहिलो. वळणामागे पंच दिसले. कार्डावर उशीर लिहिला: चोपन्न सेकंद.

टोकेकरने कार्ड हातात घेतलं आणि त्याचा चेहरा उजळला. "चोपन्न. बघ. सहाशे मीटरला चाळीसच्या वेगाने नेमकी चोपन्नच लागतात. मी सांगून राहिलो होतो ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या क्षणी मी त्याला धामनोदच्या एखाद्या ट्रकवाल्याच्या हवाली करून एकटा घरी गेलो असतो.

बाकीच्या दोन दिवसांत आम्ही सगळ्या पंचांपाशी मिळून फक्त सात सेकंद चुकलो. जिंकलेली जोडी एकतीस सेकंद चुकली होती. आमची झाली एकसष्ट. पाचवा नंबर. देवासला टेकडीच्या पायथ्याशी मांडव घालून बक्षिसं वाटली तेव्हा टोकेकर पुढे होऊन विजेत्यांचे हात हातात घेत म्हणाला, "बधाई हो. पर आपका अंतर गलत था." ते दोघे बिचारे हार घातलेल्या गळ्यांनी त्याच्याकडे बघत राहिले. महिन्याअखेर फियाट विकली गेली.

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. कामापुरतं "हो", "नाही", एवढंच. त्याला ते कळलं की नाही देव जाणे. तो रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन बसे आणि मी दुसरीकडे बघत जेवत असे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याची बायको, सुमनवहिनी, आमच्याकडे आली. चेहरा उन्हाने रापलेला, तळहातांना फोड. बायकोने विचारलं तेव्हा खरं बाहेर आलं. सहा रविवार ही दोघं धारच्या रस्त्यावर जरीब घेऊन हिंडत होती. एका टोकाला टोकेकर, दुसऱ्या टोकाला वहिनी, एका हातात साखळी आणि दुसऱ्या हातात काळी छत्री. साडेसातशेहून जास्त वेळा साखळी टाकली होती.

"लग्नात सात पावलं चालले, वाटलं झालं," वहिनी म्हणाली. "हे कुणी सांगितलं नव्हतं." मग माझ्याकडे वळून, "भावजी, यांचं चुकलं असेल. पण ते सारखे म्हणून राहिले, पंडितला पटलं पाहिजे. माझ्या हाताकडे बघून तरी बोला त्यांच्याशी."

दुसऱ्या दिवशी टोकेकर जेवणाच्या सुट्टीत कागद घेऊन आला. तेवीस किलोमीटर सहाशे चार मीटर. क्लबला त्याने पत्र घातलं होतं, त्याचं उत्तरही होतं: आपले म्हणणे मान्य, परंतु चूक सर्वांना सारखीच असल्याने कोणावरही अन्याय झालेला नाही.

"क्लबचं जाऊ दे," तो म्हणाला. "तू म्हण. बरोबर होतं की नाही?"

एवढंच त्याला हवं होतं. एक शब्द. आणि मला तो देता आला असता. पण माझ्या डोळ्यांपुढे ती विकलेली फियाट आली.

"अंतर तुझं," मी म्हटलं, "आणि रॅली माझी गेली."

त्याने कागदाची घडी घातली, खिशात पट्टीशेजारी ठेवली. बोलणं सुरू झालं आमचं, येणंजाणंही सुरू झालं, पण तो विषय त्याने पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. पट्टी मात्र आमच्या चौकटीला दर खेपेला लागत राहिली.

पुढे तो नोकरी सोडून धारला गेला, तिथल्या तांत्रिक शाळेत पोरांना मोजायला शिकवायला लागला. आणखी काही वर्षांनी, ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं असताना, मलाही साताऱ्याला नोकरी मिळाली आणि आम्ही देवासचं बिऱ्हाड हलवलं. निघायच्या आठवड्यात त्याचं पोस्टकार्ड आलं. "धारवरून जा. घरी येऊ नका, सौ. जेवल्याशिवाय सोडणार नाही आणि तुम्हांस उशीर होईल. रविवारी सकाळी ठीक नऊ वाजता तेविसाव्या किलोमीटरला उभा आहे."

टॅक्सी केली होती. सामानाचा ट्रक पुढे गेला होता. आम्ही भेरूजीपाशी पोचलो तेव्हा नऊला दहा मिनिटं कमी होती. पार आता सिमेंटचा झाला होता, शेंदराखाली 'धार २३' जवळजवळ दिसेनासं झालेलं. नऊला बस आली, न थांबता गेली. सव्वानऊ झाले. साडेनऊ. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. जन्मभर सेकंदावरून माझा जीव खाल्ला आणि शेवटच्या भेटीला हा अर्धा तास उशीर करतो, असं मी बायकोपुढे बडबडत होतो. आलाच नाही तर, ही भीतीही होती, पण ती रागाखाली झाकून ठेवली होती.

बायको रस्त्यावर उभी राहून धारच्या दिशेने बघत होती. म्हणाली, "अहो, ती काळी छत्री बघा."

दूर, मोरीपाशी, आंब्याखाली दोन माणसं उभी होती. बस तिथे थांबली असणार. आम्ही तिथूनच पुढे आलो होतो, त्यांच्या दहा मिनिटं आधी. तो त्याच्या तेविसाव्या किलोमीटरला उभा होता आणि मी माझ्या. मला वाटलं तो हात करेल, पुढे येईल. तो हलला नाही. तो येणार नव्हताच. हात टेकले मी.

ड्रायव्हरला म्हटलं, गाडी वळवून मागून आण. आणि चालत निघालो. वाटेत पहिल्या पाच-पन्नास पावलांना त्याला शिव्या घातल्या. मग लक्षात आलं की मी पावलं मोजतोय.

तो थकला होता. केस गेले होते, सदरा तोच पांढरा, खिशात पट्टी. वहिनीने छत्री माझ्यावर धरली.

"लवकर आलास," तो म्हणाला. "लवकर येण्याचा दंड जास्त असतो."

"सातशे पंच्याण्णव," मी म्हटलं.

"काय?"

"पावलं. तिथून इथपर्यंत."

त्याने डोळे मिटले, ओठ हलले. "म्हणजे तुझं पाऊल शहात्तर सेंटिमीटरचं धरलं तर..." आणि तिथेच थांबला. माझ्याकडे बघितलं.

"बरोबर होतं टोकेकर," मी म्हटलं. "त्या दिवशी तुझंच बरोबर होतं. आणि मी ते तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं."

वहिनी छत्रीआड तोंड फिरवून उभी राहिली. एवढ्या वर्षांत एक शब्द मी कशासाठी दाबून ठेवला होता, तर विकून टाकलेल्या एका परक्या गाडीसाठी. मला स्वतःचाच संताप आला.

टॅक्सी आली. वहिनीने डब्यात घातलेले लाडू मुलांच्या हातात दिले, बायकोला कुंकू लावलं. निघताना टोकेकरने टॅक्सीच्या खिडकीला हात टेकला, पट्टी काढेल असं वाटलं, पण काढली नाही.

गाडी सुरू झाल्यावर मी ड्रायव्हरला म्हटलं, "भिया, त्या दगडापर्यंत चाळीसने चालव. ना कम, ना ज्यादा." तो वैतागून माझ्याकडे बघायला लागला, पण त्याने चालवली.

मी मागे वळून पाहिलं. वहिनी छत्री हलवत होती. टोकेकर हात करत नव्हता. मनगट डोळ्यांजवळ धरून तो घड्याळ बघत होता. भेरूजीपाशी पोचेपर्यंत मी त्याच्याकडेच बघत राहिलो. किती सेकंद लागले ते मी पाहिलं नाही. ते काम त्याचं होतं.